अडीच गुणांचं गाव

आमच्या घराच्या मधल्या खोलीत आजवर पाच बाळंतपणं झाली आणि त्यांचे पत्ते चार निघाले. आजा जन्मला तेव्हा गाव मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं. मोठी आत्या 1958 सालची, म्हणून ती द्विभाषिक मुंबई राज्यात जन्मली. मुंबई तिनं अजून पाहिलेली नाही. बाबूजींच्या वेळेपर्यंत महाराष्ट्र झाला होता आणि जिल्हा होता भंडारा. मी फेब्रुवारी 1999 चा, म्हणजे मीही भंडाऱ्याचाच. पण त्याच वर्षी 1 मे रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि मी पाळण्यात पडल्या पडल्या जिल्हा बदलला. धाकटी बहीण सरळ गोंदियात आली. खोली तीच, खाटही तीच. आमच्यातलं कोणी जागचं हललं नाही, सरकारंच येऊन-जाऊन राहिली.

जन्म भंडाऱ्यातला आणि रहिवास गोंदियातला असं का, हे मी दहावीपासून निरनिराळ्या खिडक्यांपलीकडच्या माणसांना समजावून सांगत आलो आहे. त्यामुळे इतिहास आपल्या रक्तातच आहे अशी माझी समजूत झाली आणि त्या भरात मी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी इतिहास हा वैकल्पिक विषय घेऊन टाकला. दोन पेपर, अडीचशे अधिक अडीचशे, पाचशे गुण. पहिल्यात दगडाच्या हत्यारांपासून मोगलांच्या उतरत्या काळापर्यंत, दुसऱ्यात आधुनिक भारत आणि वर उरलेलं सगळं जग. माझी पदवी बी.एस्सी.ची. आणि सध्या मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विज्ञान आणि गणित मेथड घेऊन.

"इतिहासच काहून?" बाबूजींनी विचारलं.

मी सांगितलं, गोष्टीसारखा असतो, वाचला की होतो, क्लास लावावा लागत नाही. शिवाय 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही दिल्लीसारखी लिहिण्याची झाली, तिथंही वैकल्पिक विषय आला. एकाच अभ्यासात दोन परीक्षा निघतात. आधीची तिन्ही कारणं बाबूजींनी ऐकून सोडून दिली, हे चौथं मात्र पकडलं. उभ्या धानात लाखोळी फेकून एकाच ओलीवर दुसरं पीक काढणारा माणूस तो. एका ओलीत दोन परीक्षा निघत असतील तर फ्रेंच राज्यक्रांतीलाही त्यांची हरकत नव्हती.

आमच्याकडं अभ्यास करायचा म्हणजे पुण्याला जायचं, अशी रीत आहे. गोंदियाहून कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेस जाते. तिच्यात दर जून-जुलैत आमची पोरं चढतात: एक बॅग कपड्यांची, एक पुस्तकांची आणि एक चुंगडी तांदळाची, कारण पुण्यातला भात आमच्या पोटाला भात वाटत नाही. मला जायचं होतं, पण बी.एड.चा प्रवेश मिळाला, आणि हातची डिग्री सोडून सदाशिव पेठेत कॉट घ्यायला माय तयार नव्हती. मी राहिलो. त्या गाडीबद्दल माझं एक निरीक्षण आहे. महाराष्ट्र गोंदियाहून निघून कोल्हापूरपर्यंत जातो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र कोल्हापूरच्या टोकाहून निघतो आणि नागपूरला भोसल्यांकडं उतरून घेतो. पुढचं तिकीट त्यानं काढलेलं मी अजून पाहिलं नाही.

आता स्वयंअध्ययनाबद्दल. इतिहासाच्या कुठल्याही जाडजूड पुस्तकाची कड बाजूनं बघा. पहिली पन्नास-साठ पानं काळी पडलेली असतात, पुढची दुकानातून आणलेल्या दिवसाइतकी पांढरी. काळ्या पट्ट्यात हडप्पा संपते आणि वैदिक काळ सुरू होतो. आपल्या देशात सिंधू संस्कृतीइतकी वाचली गेलेली संस्कृती दुसरी नसेल, आणि त्यात तिचं कर्तृत्व फार थोडं. ती पहिल्या पानांवर आहे इतकंच. मी तिची विटांची मापं पाठ केली, गटारं पाठ केली, लोथलची गोदी आहे की तलाव आहे यावरचा वाद पाठ केला, आणि कालीबंगनचं नांगरलेलं शेत वाचत असताना बी.एड.ची अंतर्गत परीक्षा आली. ती उरकून पुस्तक उघडलं तर मधलं सगळं पुसलेलं. पुन्हा हडप्पा. मग सूक्ष्म पाठांचा आठवडा. पुन्हा हडप्पा. मग कृतिसंशोधनाची फाईल. दोन वर्षांत मी सिंधू संस्कृती चार वेळा वसवली आणि चार वेळा बुडवली. तिच्या ऱ्हासाची कारणं हा मोठा वादाचा विषय आहे. पूर म्हणतात, दुष्काळ म्हणतात, नदीनं पात्र बदललं म्हणतात, बाहेरून आलेल्या लोकांनी मारलं हे मात्र आता फारसं कोणी म्हणत नाही. माझ्यापुरतं कारण ठाम आहे. अंतर्गत परीक्षा.

बाबूजी रोज संध्याकाळी विचारायचे, "किती झाला?"

"हडप्पा चालू आहे."

"रोवण्याले पंधरा बाया घेऊन बसलो असतो मी, अन् एका बांधीत दोन वर्सं काढली असती, तं लोकायनं मले येड्यात काढलं असतं."

हे खरं होतं. पण बांधीत एकदा पऱ्हे रोवले की ते रात्रीतून उपटून बाहेर येत नाहीत. वाचलेलं येतं.

बी.एड. म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं दोन वर्षं शिकवायला शिकवतात. त्यातला शिकवण्याचा भाग असतो अर्धा-पाऊण तासाचा, आणि त्या अर्ध्या तासाचं टाचण काढायला आदली रात्र जाते. टाचणात उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय. "विद्यार्थी आठवतो, विद्यार्थी ओळखतो, विद्यार्थी फरक स्पष्ट करतो." प्रत्यक्षात विद्यार्थी खिडकीबाहेर बघतो, पण त्याला रकाना नाही. प्रस्तावनेत असे प्रश्न विचारायचे की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोरांना येऊ नये, आणि मग आपण हसून म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण हेच शिकणार आहोत." हे हसणंही सरावात धरतात. शिवाय तक्ते, प्रतिकृती, थर्माकोल, निरीक्षण वही, इंटर्नशिपची दैनंदिनी. माझा अणू आमच्या घरानं मिळून बनवला: केंद्रक बहिणीनं रंगवलं, कक्षा मायच्या जुन्या बांगड्यांच्या, आणि इलेक्ट्रॉन म्हणून लाखोळीचे दाणे. त्यातला एक इलेक्ट्रॉन सादरीकरणाच्या आदल्या रात्री उंदरानं नेला. ऑक्सिजनचा अणू होता, सकाळी नायट्रोजन झाला असं वर्गमित्र म्हणाला. वास्तविक इलेक्ट्रॉन गेल्यानं मूलद्रव्य बदलत नाही, आयन होतो. पण हे त्याला मी कॉलेजात पोहोचल्यावर सांगितलं, कारण गाडीत मी नेपोलियन वाचत होतो.

गाडीचं वेळापत्रक हेच माझं अभ्यासाचं वेळापत्रक. आमगाव ते गोंदिया मध्ये एकच स्टेशन, गुदमा. अर्ध्या तासाच्या आत प्रवास उरकतो आणि तेवढ्यात एक लढाई बसते. गाडी सिग्नलला आउटरवर थांबली तर तहही बसतो. डब्यातली माणसं थांबल्याबरोबर बाहेर डोकावून कुरकुरायची. मी मनातून म्हणायचो, आणखी पाच मिनिटं, व्हिएन्ना परिषद उरकते. तो सगळा पाठ्यक्रम माझ्या डोक्यात आता स्थानकांनुसार बसलेला आहे. ऑस्टर्लित्झ आलं की मला गुदम्याचा फलाट आठवतो.

संध्याकाळी गोंदियात उतरायचं ते लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे महिन्यावर खुर्ची भाड्यानं मिळते ती. तिथली पुस्तकं ज्याची त्यानं आणायची. या खोलीची वर्णव्यवस्था मी दोन वर्षं जवळून पाहिली आहे. पंख्याखाली जुने लोक, म्हणजे ज्यांचे तीन-चार प्रयत्न झाले ते. भिंतीकडं नीटवाल्या मुली, बायोलॉजीच्या पुस्तकात माना घालून. दाराजवळ पोलीस भरतीवाले, कारण ते पहाटे धावून येतात आणि बाकीच्यांना हवा लागते. तलाठी, वनरक्षक, बँक, रेल्वे अशी मधली जनता. इतिहास वैकल्पिक घेतलेला मी एकटाच. त्यामुळे सुरुवातीला माझा भाव वधारला होता. कोणालाही सन अडला की माझ्याकडं यायचे.

"भाऊ, महाराजायचा राज्याभिषेक 1674 ना?"

"हो."

"जून?"

"सहा जून. पण त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरा तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला, आणि त्याचा अर्थ कसा लावायचा यावर..."

तो केव्हाच जाऊन टिक करून बसलेला असायचा.

हळूहळू माझ्याकडची वर्दळ कमी झाली, कारण मला साध्या प्रश्नाचं उत्तर देता येईना. 1857 चं काय होतं? भरतीवाल्याला चार पर्यायांपैकी एक हवा: बंड, उठाव, स्वातंत्र्यसमर, यापैकी नाही. माझ्याकडं सावरकर, मग शंभर वर्षं झाली तेव्हा 1957 मध्ये आलेली मजुमदारांची आणि सेनांची पुस्तकं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. मी सांगायला सुरुवात केली की तो घड्याळ बघायचा. वरच्या दर्जाचा इतिहास असा माणसाचा घास घेतो. आधी तुम्हाला सन येतो. मग सनाबरोबर कारण येतं. मग कारणांमध्ये तात्कालिक आणि मूलभूत असे तट पडतात. शेवटी तुम्ही अशा पायरीला पोहोचता की गोंदिया हे नाव गोंडांवरून आलं की गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, एवढं जरी कोणी चहाच्या टपरीवर विचारलं तरी तुमच्या तोंडून निघतं, "यावर मतभेद आहेत." टपरीवाला तोपर्यंत दुसऱ्याला चहा देऊन मोकळा.

घरातही तेच. माय म्हणाली, दूध उतू काहून गेलं? मी म्हणालो, तात्कालिक कारण की... पुढचं वाक्य मला पूर्ण करू दिलं नाही.

सालांच्या बाबतीत तर मायपुढं मी कोणीच नाही. तिच्याकडं एकही आकडा नाही आणि तिचा क्रम कधी चुकत नाही. बोनस मिळाला त्या सालच्या आदल्या साली विहीर खणली. एच.एम.टी. पहिल्यांदा लावला त्या साली आत्याचं घर बांधलं. एच.एम.टी. म्हणजे तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या तुकडाभर शेतात ते वाण निवडून वाढवलं, आणि त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. ज्या मुलखानं धानालाच घड्याळाचं नाव दिलं तिथं मायनं साल धानावरून सांगावं यात नवल कसलं? प्रश्न माझा आहे. माझा पाठ केलेला 1764 दोन दिवसांत 1746 होतो. बक्सारची लढाई मी किती वेळा प्लासीच्या आधी लढवली असेन.

एकदा मी आर. एस. शर्मांचं सरंजामशाहीवरचं वाचत होतो. प्राचीन काळ संपता संपता भारतात सरंजामशाही आली का, आली तर युरोपसारखी का, यावर इतिहासकारांची पन्नास-साठ वर्षं गेली. हरबंस मुखियांनी तर मुळात ती होती का इथूनच सुरुवात केली. अडीचशे शब्दांत दोन्ही बाजू मांडून संतुलित समारोप करायचा होता. मी संतुलन साधत असताना बाबूजी खाटेवर बिडी विझवत होते.

"सरंजामशाही म्हंजे काय रे?"

मी जमेल तसं सांगितलं. जमीन, वेठ, वरच्याचा मान, खालच्याची मान.

"मालगुजाराच्या वाड्यावरून जाताना तुहा आजा चपला हातात घ्यायचा," बाबूजी म्हणाले. "वाडा मांगं पडला की घालायचा. अन् चपला म्हंजे त्याच्याजवळ एकच जोड. हातात धरून धरून वरूनच झिजली."

मी त्यांना सांगितलं की शर्मांचा कालखंड वेगळा आहे, हे मालगुजारी इंग्रजांच्या अमलातलं प्रकरण. बाबूजी म्हणाले, "बरं." ते ज्या सुरात म्हणाले तो सूर मी अजून कुठल्याही ग्रंथात वाचलेला नाही. त्या उत्तराचा समारोप माझ्या वहीत अर्धवटच आहे.

नकाशा हा मात्र माझा आनंदाचा भाग. पहिल्या पेपरचा पहिला प्रश्न सक्तीचा, नकाशाचा. भारताच्या कोऱ्या नकाशावर वीस ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ओळखायचं आणि त्याच्याबद्दल तीसेक शब्द लिहायचे. ठिपक्याला अडीच गुण. वीस ठिपक्यांचे पन्नास. हा एकच प्रश्न असा आहे की ज्यात मतभेदाला जागा नाही. जागाच सांगायची असते. मी लायब्ररीच्या पंख्याखालच्या एका ज्येष्ठाला विचारलं की तयारी कशी करू. तो म्हणाला, रेल्वेच्या नकाशावर कर. मी तसंच केलं आणि गोंदिया जंक्शनचा असल्याचं पहिल्यांदा सार्थक झालं. चारी बाजूंना गाड्या जातात आणि चारी बाजूंना ठिपके. वरती जबलपूरकडं गेलं की त्रिपुरी, कलचुरींची राजधानी. पूर्वेला छत्तीसगडात मल्हार आणि सिरपूर. खाली चांदा फोर्टच्या वाटेनं भांदक, पुढं वैनगंगेच्या काठावर मार्कंडा. पश्चिमेला रामटेकजवळ मनसर आणि नगरधन, वाकाटकांचं नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावती तिथं राज्य सांभाळत होती. आणि भंडाऱ्यातली पवनी! मौर्यांपासूनचा बौद्ध स्तूप, उत्खनन 1969-70 मध्ये.

पवनी माझ्या मावशीचं गाव. लहानपणी तिथं गेलो की मावशी मातीच्या मोठाल्या टेकाडाकडं बोट दाखवून म्हणायची, तिकडं जाऊ नको, साप आहेत. ते टेकाड दोन हजार वर्षांपूर्वीच्या तटबंदीचं आहे हे मला आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना कळलं. मी मावशीला फोन करून सांगितलं, "तुझं गाव अडीच गुणांचं आहे." ती म्हणाली, "फक्त अडीच?" आमच्या नात्यातल्या लोकांना स्पर्धा परीक्षांचा अंदाज नाही. तिथं अडीच गुणांवर आयुष्यं खाली-वर होतात.

त्या नकाशावर काम करताना मी पट्टी ठेवायचो आणि ती सरकू नये म्हणून अंगठ्यानं दाबायचो. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की माझा अंगठा दर वेळी गोंदिया जिल्ह्यावर पडतो. ठिपके चारी बाजूंना, मधे अंगठा. कचारगडच्या गुहा, माघी पौर्णिमेला जिथं देशभरातून गोंड लोक येतात, त्याही अंगठ्याखाली. पुस्तकात गोंडवन येतं ते अकबराच्या वाटेत, 1564 मध्ये, राणी दुर्गावती लढता लढता मरते तेव्हा. एक परिच्छेद, तोही बहुधा साम्राज्यविस्ताराच्या मथळ्याखाली.

मी चिडून माझ्या नकाशावर स्वतःचा एक ठिपका काढला: पदमपूर, तालुका आमगाव. उत्तररामचरित लिहिणारा भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो, आणि वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे आमचं पदमपूर असं मांडलं. (मतभेद आहेत. असोत.) आठव्या शतकात तो इथून कनौजला यशोवर्म्याच्या दरबारी गेला, आमच्या तालुक्यातला बाहेर जाऊन नोकरीला लागलेला पहिला माणूस. त्याच्या हयातीत लोकांनी त्याची म्हणावी तशी कदर केली नसावी, कारण आज ना उद्या, कुठं ना कुठं आपल्यासारखा कोणी जन्मेल आणि त्याला हे कळेल, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे. काळाला अंत नाही, असा त्याचा भरवसा होता. भवभूतीला असा भरवसा धरता आला, कारण त्याला वयोमर्यादा नव्हती. आम्हाला बत्तीस वर्षं आणि सहा प्रयत्न, खुल्या गटात.

आता ऑक्सिजनकडं येतो, कारण या सगळ्याचा स्फोट तिथं झाला.

इंटर्नशिपमध्ये आठवीच्या वर्गावर माझा निरीक्षणाचा पाठ होता. मागच्या बाकावर मार्गदर्शक सर, त्यांच्या शेजारी वह्या घेऊन चार छात्राध्यापक. टाचण चोख: गुणधर्म, प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत, उपयोग. हेतुकथनाचं हसणंही बेताचं जमलं. मग मी फळ्यावर लिहिलं, "ऑक्सिजनचा शोध", आणि माझं मलाच ऐकू आलं की मी बोलायला लागलो. आदल्या रात्री मी फ्रेंच राज्यक्रांती संपवली होती आणि ती अजून गरम होती.

प्रीस्टलीनं 1774 मध्ये हा वायू वेगळा काढला, इथपर्यंत पुस्तक माझ्या बाजूनं होतं. मग मी सांगितलं की स्वीडनच्या शीलेनं त्याच्या आधीच तो मिळवला होता, पण त्याचं छापून यायला उशीर झाला. पोरं जागी झाली. उशीर झाल्यानं नुकसान होतं हे त्यांना घरून माहीत असतं. मग सांगितलं की प्रीस्टलीनं राज्यक्रांतीची बाजू घेतली म्हणून 1791 मध्ये बर्मिंगहॅममध्ये जमावानं त्याचं घर जाळलं. मागं एक वही उघडली गेली. आणि ज्यानं या वायूला नाव दिलं तो लॅव्हाझिए, त्याचं 8 मे 1794 रोजी गिलोटिनखाली डोकं उडवलं. गिलोटिन कसं चालतं ते मी डस्टरनं दाखवलं.

"काहून मारलं जी त्याले?" तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

"तो राजासाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि लोकांकडून आपण वसूल करायची."

"म्हंजे मालगुजार?"

मला तो क्षण अजून आठवतो. पाचशे गुणांच्या अभ्यासात मला जे जोडता आलं नव्हतं ते या पोरानं नाक पुसता पुसता जोडलं. मी म्हणालो, "जवळजवळ."

"मंग त्यानं तलाव बांधला का?"

वर्गात कोणी हसलं नाही. प्रश्न सरळ होता. आमच्या जिल्ह्यात गावोगावी तलाव, आणि त्यांना सरकारी कागदातही मामा तलाव म्हणतात: माजी मालगुजारी. 1951 मध्ये मालगुजारी गेली, मालगुजार गेले, तलाव राहिले. ते बांधण्यात कोहळी लोकांचा हात फार जुना, पण नाव मालगुजाराचं चिकटलं. तेव्हा या पोरांच्या हिशेबी मालगुजार म्हणजे वसूल करतो तो, आणि मागं तलाव ठेवतो तो. मी सांगितलं, नाही, लॅव्हाझिएनं तलाव नाही बांधला. प्रयोगशाळा मात्र होती, मोठी, वसुलीच्या पैशातून.

"तलाव बांधला असता तं वाचला असता," मागून एक मुलगी म्हणाली.

"नसता वाचला. तलाव फोडून मासे धरले असते लोकायनं."

"नाही रे, पानी कोन सोडंल?"

दोन तट पडले. मी संकलनाचे प्रश्न विचारायच्या आत तास झाला. ऑक्सिजन तयार करण्याची रीत राहून गेली. उपयोगांपैकी श्वसन तेवढं झालं, तेही आपोआप.

निरीक्षण वहीत सरांनी लिहिलं: "विषयज्ञान चांगले. विषय कोणता हे स्पष्ट झाले नाही. डस्टरचा उपयोग फलक पुसण्यासाठी करावा." सह्या झाल्या. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुम्ही इतिहास मेथड का घेतली नाही?" मी म्हणालो, माझी पदवी विज्ञानाची आहे. सर म्हणाले, "अस्सं." पुन्हा तोच सूर, बाबूजींचा.

त्या रात्री मी हडप्पाला हात लावला नाही. गाडीत बसून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि आमगाव येईपर्यंत विचार करत राहिलो की 1794 मध्ये पॅरिसच्या बाहेर एखादा मामा तलाव असता तर काय झालं असतं. दुसऱ्या पेपरात असा प्रश्न येत नाही.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी मीच काढली, शिक्षा म्हणून एकदम सरळ. दुसरा प्रश्न, दोन गुण: ऑक्सिजनचा शोध कोणी लावला? चाळीस पेपर घरी आणले. माय धान पाखडत होती, तिच्याजवळच बसून तपासत होतो. प्रीस्टली, प्रीस्टली, प्रिस्टाली, पिसटले, प्रीस्टली. दोघांनी न्यूटन लिहिलं होतं, कारण न्यूटन लिहिलेलं बहुतेक वेळा चालतं. एकानं माझं नाव लिहिलं होतं.

मग तिसऱ्या बाकावरच्या त्या पोराचा पेपर आला. अक्षर मोठं, ओळ चढणीला लागलेली. त्यानं लिहिलं होतं: "यावर मतभेद आहेत. सर सांगत होते पण तास झाला. तलाव कोणीच नाही बांधला."

मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसलो. मायनं सूप थांबवून विचारलं, काय झालं. मी म्हणालो काही नाही, आणि त्याला अडीच गुण दिले.